तेल प्यालेली रायफल

मी रायफली दुरुस्त करायचे असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, "किती लांब मारते?" त्यानंतर विचारतो, "किती जोरात मारते?" खरा प्रश्न तिसरा आहे आणि तो मला आजवर कोणी विचारलेला नाही. दर वेळी तितक्याच जोरात मारते का?

या लेखात मी त्या तिसऱ्या प्रश्नाची वकिली करणार आहे. माझे बाबा तलासरीच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे. मजुरीचे दर, रेशनचा तांदूळ, वनजमिनीचे दावे. घरात पुस्तकं चार आणि पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले, त्यामुळे हळू आवाजात लिहिणं मला जमत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं, किंवा घेऊ नये.

२०१४ साली आमचा जिल्हा नवा झाला आणि त्याच सुमाराला डहाणूत, फुग्यांच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये, नेमबाजीचं छोटं केंद्र सुरू झालं. ते चालवणारे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. लहानथोर सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणत. मी आयटीआयमधून फिटर होऊन घरी बसले होते. मुलगी फिटर आहे म्हटल्यावर कारखान्यांचे वॉचमनच मला गेटवरून परत पाठवायचे. काकांनी विचारलं, "स्प्रिंग दाबता येते?" मी म्हणाले, "येते." "मग उद्यापासून ये." मुलाखत संपली. देशातल्या सगळ्या मुलाखती अशाच व्हाव्यात.

आमच्या रायफली हवेवर चालणाऱ्या, देशी बनावटीच्या. त्यात दारू नाही, काडतूस नाही. नळी बिजागरीत मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवेला आणि हवा छर्र्याला. सायकलच्या पंपाची ही धाकटी बहीण. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. तो हवा निसटू देत नाही. समोर दहा मीटरवर कागद लावलेला असतो आणि नेम नुसत्या डोळ्याने धरायचा, दुर्बीण नाही.

छर्रा सरळ जातो असं लोकांना वाटतं. नळीतून निघाल्या क्षणापासून तो पडत असतो. जोरात गेला तर कागदापर्यंत थोडासाच खाली येतो, सावकाश गेला तर जास्त. पडण्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळे सारखे पडले की नेम तेवढा वर घेता येतो. पण एक जोरात आणि एक सावकाश असं सुरू झालं की हात कितीही स्थिर असो, भोकं वरखाली होतात आणि पोरं स्वतःला दोष देत बसतात. साधनाचा दोष माणसाच्या माथी मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझी नोकरी ती रीत मोडायची होती.

मोठ्या रायफलींच्या स्पर्धांत हाच प्रश्न आणखी अवघड होतो. परदेशात काही नेमबाज काडतुसं स्वतःच्या हाताने भरतात. प्रत्येकात दारू तोलून घालतात, प्रत्येक गोळी तितकीच खोल बसवतात, फक्त वेग सारखा यावा म्हणून. काका पलटणीच्या नेमबाजी संघात होते. तिथे काडतुसं तयार मिळायची आणि एकाच खेपेतली मिळावीत म्हणून जवानांची भांडणं व्हायची. आपल्याकडे घरी बसून काडतुसं भरण्याची मोकळीक नाही, आणि नसावी असंच माझं मत आहे. आम्ही भांडलो ते छर्र्यांशी.

स्वस्तातल्या डबीत हलके, जड, चेपलेले, सगळे छर्रे एकत्र असतात. आम्ही खिडकीची जुनी काच तिरकी ठेवून एकेक छर्रा तिच्यावरून सोडायचो. ज्याची मागची कड चेपलेली असेल तो वाकडा घरंगळायचा, त्याची रवानगी बादमध्ये. उरलेले सोनाराच्या काट्यावर तोलून हलके आणि जड वेगळे करायचे. मग साबणाने हात धुवायचे, कारण छर्रा शिशाचा असतो आणि पोरं त्याच हातांनी बोरं खातात.

एकदा बाबा केंद्रात आले. आमची ती तोलाई त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आयुष्यभर मी समतेची पत्रकं वाटली, आणि पोरगी इथं छर्र्यांच्या पंगती लावते?"

"बाबा, हलका छर्रा वाईट नसतो. त्याला जडाबरोबर एकाच कागदावर मारणं वाईट."

"हे एखाद्या पत्रकात चालणार नाही," ते म्हणाले. पण जाताना काचेवरून एक छर्रा सोडून बघितलाच.

केंद्रात बाहेरच्या रायफलीही दुरुस्तीला यायच्या. त्या गिऱ्हाइकांचं सांगायचं तर, गुजरात सीमेवरच्या झाईकडचे एक चिकूचे बागायतदार दर हंगामाला रायफल घेऊन यायचे. वटवाघळं चिकू खातात याचा त्यांना फार राग होता. "बेन, जरा जोर वाढवून द्या ने! एकदम पॉवरफुल!" मी म्हणायचे, जोर वाढवणार नाही आणि वटवाघळांवर रोखायला दुरुस्तही करणार नाही, झाडाला जाळी लावा. ते चहा पाजायचे, रायफल परत न्यायचे आणि पुढच्या वर्षी त्याच विनंतीसह हजर व्हायचे. शेवटी जाळी लावली, आणि ते सांगायलासुद्धा रायफल घेऊनच आले.

दुसरे जत्रेतले फुगेवाले. एका वर्षी मी त्यांच्या चार रायफली मनापासून नीट करून दिल्या होत्या. जत्रा संपल्यावर ते तोंड पाडून आले.

"बाई, तुम्ही धंदा बसवलात. सगळ्या एकसारख्या मारायला लागल्यात. पोरं दोन फुग्यांत अंदाज घेतात आणि पुढचे सगळे फोडतात. आता एक फास्ट, एक स्लो अशा करून द्या."

मी त्यांना फसवणूक, श्रमिकांची मुलं आणि त्यांच्या खिशातले दहा रुपये या विषयावर यथाशक्ती सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान बोलता. यंदा जत्रेत आमच्या माइकवर बसा. गर्दी जमेल."

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत धक्क्यांवर धक्के, माणसं घराबाहेर झोपायला लागली. तेव्हाही केंद्र उघडंच होतं, फक्त कोणाचा नेम चुकला की एकच उत्तर यायचं, "ताई, भूकंप झाला." कधी ते खरंही असायचं. २०१९मध्ये शेडच्या मालकाने शेड विकली आणि आमचं केंद्र बंद झालं. या गोष्टीचा मला आजही राग आहे. तो मी इथे नोंदवून ठेवते आणि मला खरं सांगायचंय तिकडे वळते, म्हणजे २०१७च्या दसऱ्याकडे.

वनिता तेव्हा दहावीत होती. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरची, पण शाळेसाठी आशागडला मामीकडे राहायची आणि सायकलने केंद्रात यायची. बोलायला तिखट, नेमाला शांत. दसऱ्याच्या पुढच्याच आठवड्यात निवड चाचणी होती. त्यातून एका मुलीला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथे राहणं, खाणं आणि बारावीपर्यंत शिक्षण होतं. वनिताच्या घरून निरोप आला होता. जागा मिळाली तर जा. नाही मिळाली तर दिवाळीनंतर मामेबहिणीबरोबर उंबरगावला पॅकिंगच्या कामाला लाग. वनिताचा हात बसला होता तो पाच नंबरच्या रायफलीवर, आणि ती रायफल मी महिनाभर खपून शहाणी केली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोरांनी पूजेचा विषय काढला.

"ताई, मामाच्या रिक्षाला हार घालतात, गिरणीला घालतात, शिलाई मशीनला घालतात. रायफलीने काय पाप केलंय?" वनिताने विचारलं.

"रायफलीला हार नको, फडकं हवं. पूजा नको, निगा राखा."

"आमच्या पलटणीत शस्त्रपूजा म्हणजे—" काकांनी सुरुवात केली.

"पलटणीत करा, काका. इथे विज्ञान चालतं."

आणि मी दसऱ्याला घरी तलासरीला निघून गेले.

परत आले तेव्हा शेडमध्ये झेंडू आणि उदबत्तीचा वास. सगळ्या रायफली भिंतीला रांगेत उभ्या, त्यांच्या लाकडी दस्त्यांवर कुंकवाची बोटं. काका एकदम छर्रे मोजायला लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वनिता म्हणाली, "ताई, ओरडा नंतर. आधी पाच नंबरचा आवाज ऐका."

तिने चाप ओढला. एरवी पाच नंबर फट्कन वाजते. आज ठो! पत्र्यावरची कबुतरं उडाली, नळीतून निळसर धूर आला आणि वडे तळल्यासारखा वास सुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"देवी आली हिच्यात!" वनिता म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की माझं भाषण तोंडातच राहिलं.

आमच्याकडे वेग मोजायचं यंत्र होतं, काकांनी ओळखीतून मिळवलेलं. त्याच्या दोन झरोक्यांवरून छर्रा गेला की दोन्हींमधल्या वेळेवरून वेगाचा आकडा दिसतो. पाच नंबरचा आकडा एरवी सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, दोनचार इकडेतिकडे. आता पहिला आला दोनशेच्या वर. दुसरा एकशे चाळीस. तिसरा एकशे ऐंशी. कागदावरची भोकं शिडी लावल्यासारखी उभी चढलेली.

"हिच्या नळीत काय घातलंत?"

काका पत्र्याकडे बघत होते.

"आईने तेल पाजलं," वनिता म्हणाली. "मोहाच्या बियांचं. घरी काढलेलं."

"किती?"

"पळीभर."

त्यांच्याकडे भातकापणीला उतरण्याआधी विळ्या-कोयत्यांना तेल देतात. तेल प्यालेलं लोखंड दगा देत नाही, असं मानतात. पोरगी यंदा विळ्याऐवजी रायफल घेऊन उतरणार, तर तिलाही तेल हवं, म्हणून वनिताची आई, जानकीमावशी, बाटली घेऊन डोंगरावरून आल्या होत्या. विळ्याला पात्याला लावतात. हिला तोंड होतं, म्हणून तोंडात ओतलं.

"काका, तुम्ही इथे होतात ना?"

"होतो."

"मग?"

"नळी मीच धरली होती."

"का?"

"सांडू नये म्हणून."

नळीतलं तेल ओघळत पिस्टनपुढच्या पोकळीत गेलं होतं. तिथे हवा इतकी जोरात दाबली जाते की ती तापते, आणि तापलेल्या हवेत तेल पेट घेतं. डिझेलचं इंजिन असंच चालतं. कधी जास्त तेल पेटणार, कधी कमी, म्हणून वेगही दर वेळी वेगळा. मी हे सगळं फळ्यावर काढून समजावलं.

"पण जोर तर वाढला ना?" वनिता म्हणाली.

"जोर वाढला नाही. स्वभाव बिघडला."

रायफल उघडली. चामड्याचा वॉशर तेल पिऊन पुरीसारखा फुगला होता आणि त्याची कड जळाली होती. तो पुसून वाळवून चालणारा नव्हता. मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सुट्ट्या आहेत, माल यायला आठ-दहा दिवस लागतील. चाचणी त्याच्या आधी होती. दुसरी रायफल वनिताला देऊन पाहिली, पण त्या रायफलीचा दस्ता लांब पडत होता, वनिताचा गाल त्यावर बसेना. तिने ती परत भिंतीला उभी केली.

"जाड, जुनं, चांगलं कमावलेलं चामडं हवं," मी म्हणाले. "चपलेचं नको, फार नरम असतं."

काकांनी कमरेचा पट्टा सोडला. पलटणीपासूनचा होता, पितळी बकलाचा.

"काका, अहो—"

"नळी मी धरली होती," ते म्हणाले. "काप. पण सरळ काप." आणि त्यांनी बोटीची नायलॉनची दोरी कमरेला बांधून दिवसभर शिकवलं. पोरांनी हसायचं नाही असं ठरवलं होतं. ते कोणालाच जमलं नाही.

पट्ट्यातून गोल चकती कापली, पाण्यात भिजवली, पाइपाच्या तुकड्यात बोल्टने दाबून तिला वाटीचा आकार दिला आणि पंख्याखाली वाळवली. वाळल्यावर मेण चोळून बसवली. पण नवा वॉशर नव्या सुनेसारखा. घरात रुळायला वेळ लागतो. सुरुवातीचे आकडे कुठेही जातात. चांगले छर्रे वाया घालवायचे नव्हते, म्हणून बादचा डबा उघडला. सगळी पोरं आळीपाळीने पाच नंबर मारत होती आणि वनिता यंत्रापाशी बसून आकडे ओरडत होती. हळूहळू आकडे एकमेकांजवळ यायला लागले. मग चांगले छर्रे घेतले. एकशे बेचाळीस. एकशे एकेचाळीस. एकशे बेचाळीस. मला नाचावंसं वाटलं.

वनिताचं तोंड उतरलं होतं. "ही तर पहिल्यापेक्षा पण हळू झाली. आवाज ऐका ना ताई, शिंकल्यासारखी वाजते. देवी गेली."

वाद घालायची मला भारी हौस. त्या दिवशी मी ती आवरली. यंत्रावर फडकं टाकलं आणि तिला म्हणाले, "आकडे नकोत, आवाज नको. दहा मार आणि कागद आण."

कागद आणला तेव्हा तीच बघत राहिली. दहाच्या दहा भोकं मधल्या काळ्या गोलाच्या खाली पडली होती, पण इतकी गोळा होऊन की वर रुपया ठेवला तर सगळी झाकली जातील. मी नळीवरची, नेम धरायची पट्टी वर चढवली. पुढचा कागद मधोमध फुटला.

"बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. मग जरा थांबून, "पण आईला सांगू नका. ती एवढ्या लांबून आली होती."

"मी खोटं बोलत नाही, वनिता."

"खोटं बोला म्हणत नाय मी. गप्प राहा म्हणते." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण तुम्हाला ते जमायचं नाय."

चाचणी तलासरीतल्या एका सभागृहात होती. वसईकडच्या मुली आल्या होत्या, कोऱ्या रायफली, चाकांच्या बॅगा, प्रत्येकीचा वेगळा प्रशिक्षक. आम्ही पाच नंबर चादरीत गुंडाळून नेली होती. आम्ही चादर सोडत होतो आणि समोरून जानकीमावशी आल्या. हातात बाटली. घरातलं तेल संपलं होतं, जावेकडून आणलं होतं.

"थांबा, बाय," त्या बूच काढत म्हणाल्या. "पोर उभी राहायच्या आधी पाजते हिला."

वनिता जागच्या जागी थिजली. माझ्याकडे बघायला लागली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मावशी, थांबा," मी म्हणाले. "हिचं पोट हवेचं आहे. आत तेल गेलं की ते पेटतं. गेल्या वेळी पेटलं होतं."

"म्हंजे मी बिघडवली?"

"बिघडली होती. आता नीट आहे."

बाटली त्यांच्या हातात तशीच राहिली. आमचे बाबा म्हणायचे, खरं बोललं की मोकळं वाटतं. मला अजिबात मोकळं वाटलं नाही. मी रायफल उलटी केली आणि दस्ता त्यांच्यापुढे धरला.

"हे लाकूड बघा. खाऱ्या हवेने पांढरं पडलंय, कुसं निघालीत. वनिताच्या गालाला टोचतात. तेल इथे हवंय. नळीपासून लांब, आणि थोडंच."

त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. मग तळव्यावर तेल घेऊन, लहान पोराला चोळतात तसं त्या लाकडाला चोळायला लागल्या. लाकूड काळसर, गुळगुळीत होत गेलं. चोळता चोळता त्यांचा आवाज परत आला.

"एवढं चांगलं लाकूड, आणि कोणी तेल दाखवलं नाय आजवर? काय निगा राखता तुम्ही?"

वनिता खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळली.

मी दस्ता कोरड्या फडक्याने पुसून दिला. साधनं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी नाक जवळ नेऊन विचारलं, "वास कसला येतो?" "मोहाचा," मावशींनीच मागून सांगितलं. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला.

वनिता छान मारत होती. मध्येच एक छर्रा दहाऐवजी सात गुणांच्या कडीवर गेला, चांगलाच वर. अशा वेळी नेमबाज काय करतात ते मी पाहिलेलं होतं. रायफलीवर संशय घेतात, नेमाची पट्टी हलवतात आणि मग सगळंच बिघडतं. तिने रायफल खाली टेकवली. पट्टीकडे बघितलंही नाही. तिला ठाऊक होतं की पाच नंबर दर वेळी तितक्याच जोरात मारते, म्हणजे चूक रायफलीची नाही, तिच्या श्वासाची आहे. आणि स्वतःच्या श्वासाचं काय करायचं ते तिला येत होतं. तिने दोनदा खांदे सैल सोडले आणि पुन्हा उभी राहिली. पुढचा दहा. त्याच्या पुढचाही दहा.

वसईच्या एका मुलीपेक्षा ती दोन गुणांनी पुढे राहिली. अधिकाऱ्यांनी नाव वाचलं तेव्हा आमच्या पोरांनी एवढा आरडाओरडा केला की त्यांना ते परत वाचावं लागलं. काका दोरीला हात लावून सावधान उभे होते. वनिता मात्र हलली नाही. ती आईकडे बघत होती.

"काय झालं?" मावशींनी मला विचारलं.

"पुण्याची जागा मिळाली. दिवाळीनंतर जायचंय."

त्यांनी बाटलीला बूच बसवलं, पदराच्या टोकाने बाटली पुसली.

"तिकडं भात देतात का?" त्यांनी काकांना विचारलं. "का नुसत्या चपात्या?"

"देतात भात."

"रोज?"

"रोज."

मावशी पोरीकडे वळल्या. "मग जा," म्हणाल्या. "पण चादर घरची ने. तिकडं थंडी असते म्हणतात."